गोष्ट तुटू न देता कट कसा करावा? : चित्रपट संकलनाचा एक पाठ



हल्ली मोबाइलमध्ये चांगला कॅमेरा असतो. त्यामुळे स्नेहसंमेलनासाठी, स्पर्धेसाठी किंवा एखाद्या प्रकल्पासाठी तुम्ही छोट्या फिल्म बनवता. चित्रीकरण छान होतं, मित्रांनी कामंही मनापासून केलेली असतात. पण फिल्म पाहताना शेजारचा हळूच विचारतो, "हा आता कुठे आला?", "ही कुणाशी बोलतेय?", "हे त्याच दिवशीचं आहे का?" मग तुम्हाला बाजूला उभं राहून गोष्ट समजावून सांगावी लागते. फिल्मबरोबर तुम्हालाही प्रत्येक ठिकाणी पाठवता येत नाही, हीच खरी अडचण!

अशा वेळी दोष बहुतेकदा कॅमेऱ्याचा नसतो, जोडणीचा असतो. या जोडणीलाच आपण संकलन म्हणतो. आजच्या पाठात आपण स्पष्ट आणि सलग गोष्ट सांगण्यासाठी संकलनाची कोणती तंत्रं वापरतात ते पाहू. सगळी तंत्रं एका वाक्यात बांधता येतात, ते वाक्य आधीच वहीत लिहून ठेवा:

चांगला कट म्हणजे प्रेक्षकाच्या मनात त्या क्षणी उठलेल्या प्रश्नाचं उत्तर.

संकलन म्हणजे नेमकं काय?

कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे एका सलग तुकड्यात टिपलं जातं तो झाला शॉट. एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा म्हणजे कट. अनेक शॉट मिळून एक प्रसंग होतो आणि अनेक प्रसंग मिळून गोष्ट होते. कोणता शॉट घ्यायचा, कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा आणि कशाच्या शेजारी ठेवायचा हे जो ठरवतो तो संकलक.

पूर्वी हे काम खरोखरच कापाकापीचं होतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं म्हणजे फ्रेम बसतात. बोलपटात एका सेकंदाला २४ फ्रेम पडद्यावरून जातात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते आणि १,००० फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. तुमची ३ मिनिटांची फिल्म त्या काळी २७० फुटांची झाली असती, आणि तिच्यात ४,३२० फ्रेम असत्या! संकलक पट्टी प्रकाशात धरून बघायचा, कापायचा आणि दुसऱ्या पट्टीला जोडायचा. चुकलं तर जोड उकलून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कापण्याआधी विचार करायची सवय आपोआप लागायची. आज एका बटणावर कट मागे घेता येतो, म्हणून ती सवय आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पुणं आणि संकलन

हा विषय शिकायला पुण्यासारखं गाव नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. पुढे कंपनी बंद पडली, पण तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारची चित्रपट शिक्षण संस्था सुरू झाली. तीच आजची लॉ कॉलेज रस्त्यावरची एफटीआयआय. संकलन हा तिथला एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही उभं राहिलं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची शिल्लक राहिलेली रिळं तिथे जपलेली आहेत.

एफटीआयआयमधूनच संकलन शिकून बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांचं नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चित्रपटांसाठी त्यांना संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जाने भी दो यारों' (१९८३) हा चित्रपटही त्यांनीच संकलित केला. त्याच्या शेवटी महाभारताच्या नाटकाचा प्रसंग आहे. रंगमंचावर प्रचंड गोंधळ, कोण कुठून येतंय आणि कोण कुणाला ओढतंय याचा पत्ता नाही. तरीही द्रौपदीच्या वेशातला मृतदेह या क्षणी कुणाच्या ताब्यात आहे, ते आपल्याला कळत राहतं. पात्रं गोंधळलेली असतात, प्रेक्षक गोंधळत नाही. संकलनाचं काम हेच.

आपली सरावाची गोष्ट

तंत्रं नुसती पाठ करून उपयोग नाही. म्हणून एक छोटी गोष्ट घेऊ आणि शेवटपर्यंत तीच वापरू.

*नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात सायली आणि तिची आजी राहतात. आजीची बीपीची गोळी संपली आहे. जवळच्या मेडिकलमध्ये ती मिळत नाही, डेक्कनला मिळेल असं कळतं. सायली भिडे पुलाकडे निघते. पण खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलंय आणि पूल पाण्याखाली गेलाय. आता अलका टॉकीज चौकातून लकडी पुलावरून जायचं, म्हणजे लांबचा रस्ता. इकडे आजी वाट बघतेय.*

पुण्यातल्या मुलांना हे नवीन नाही. दर पावसाळ्यात भिडे पूल बंद होतो. आता ही गोष्ट ३ मिनिटांत, निवेदन न वापरता सांगायची आहे. बघू कोणती तंत्रं लागतात.

१) आधी जागा दाखवा

प्रसंग सुरू झाला की प्रेक्षकाचा पहिला प्रश्न असतो, "आपण कुठे आहोत?" म्हणून सुरुवातीला एक लाँग शॉट द्या. वाड्याचं दार, चौक, वरच्या मजल्यावरची खिडकी. मग मिड शॉट, म्हणजे कॉटवर बसलेली आजी आणि कपाटात शोधाशोध करणारी सायली. मग क्लोज-अप, गोळ्यांचं रिकामं पाकीट.

हा क्रम बघा. लांबून जवळ येताना प्रत्येक शॉट आधीच्या शॉटने उभा केलेला प्रश्न सोडवतो. कुठे? वाड्यात. कोण? आजी आणि नात. काय झालं? गोळी संपली.

कधी उलटा क्रमही चालतो. आधी रिकामं पाकीट दाखवायचं, मग हात, मग खोली. तिथे उत्सुकता आधी आणि जागा नंतर. चालेल, पण जागा दाखवायला फार उशीर करू नका.

क्लोज-अप जपून वापरायचा असतो. प्रभातच्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये राजगुरूच्या एका डोळ्याचा क्लोज-अप आहे, तो आजही सिनेमाच्या अभ्यासात आवर्जून सांगितला जातो. पडदाभर डोळा दिसला की प्रेक्षक दचकतो. प्रत्येक दुसरा शॉट तसाच असता तर कुणी दचकलं नसतं. तुमच्या फिल्ममध्ये रिकामं पाकीट आणि शेवटी आजीच्या तळहातावरची गोळी, हे दोन क्लोज-अप पुरेत.

२) काल्पनिक रेषा ओलांडू नका

कबड्डीचा सामना टीव्हीवर बघता ना? मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच बाजूला असतो. चढाई करणारा डावीकडून उजवीकडे जातोय हे आपल्या डोक्यात पक्कं बसतं. समजा मधेच समोरच्या बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं, तर तोच खेळाडू उजवीकडून डावीकडे पळताना दिसेल. क्षणभर वाटेल, हा परत का फिरला?

दोन माणसं बोलत असतील तेव्हाही त्यांच्यामध्ये अशीच एक रेषा कल्पनेने आखा. कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला, अर्धवर्तुळात ठेवा. याला १८० अंशांचा नियम म्हणतात. आजी डावीकडे बसून उजवीकडे बघते, सायली उजवीकडे उभी राहून डावीकडे बघते. दोघींचे वेगवेगळे शॉट घेतले तरी त्या समोरासमोर आहेत असंच वाटतं. कॅमेरा रेषेपलीकडे नेला तर दोघी एकाच दिशेला बघताना दिसतील आणि प्रेक्षक विचारेल, "खोलीत तिसरं कोण आलं?"

३) जाण्याची दिशा सांभाळा

सायली वाड्यातून डेक्कनला जाताना चौकटीत डावीकडून उजवीकडे चालते असं ठरवा. मग जिन्यावर, गल्लीत, रस्त्यावर, सगळीकडे तीच दिशा. परत येताना उजवीकडून डावीकडे. हे एकदा बसलं की "ती निघाली" आणि "ती परतली" हे सांगायला एक शब्दही लागत नाही.

पण भिडे पुलाजवळ तिला वळावं लागतं. मग काय करायचं? वळणं दाखवायचं. ती थांबते, पुलाकडे बघते, मान वळवते आणि दुसऱ्या दिशेला निघते, हे एकाच शॉटमध्ये दिसू द्या. दिशा बदलणं चूक नाही, न सांगता बदलणं चूक आहे. दुसरा उपाय म्हणजे मध्ये समोरून येणारा शॉट टाकणे. माणूस थेट कॅमेऱ्याकडे चालत आला की त्याला डावं-उजवं राहत नाही, त्यामुळे पुढच्या शॉटमध्ये दिशा बदलता येते.

४) हालचालीवर कट करा

सायली दार उघडते. पहिला शॉट आतून, ती कडीला हात लावते. दुसरा शॉट बाहेरून, दार उघडून ती बाहेर येते. कट कुठे करायचा? हात कडीला लागून दार ओढायला लागला त्या हालचालीच्या मध्येच. आपलं लक्ष हालचालीमागे धावत असतं, त्यामुळे जोड जाणवत नाही.

त्यासाठी चित्रीकरणातच तयारी हवी. दार उघडण्याची पूर्ण क्रिया आतूनही टिपा आणि बाहेरूनही टिपा. दोन्ही शॉटमध्ये क्रिया पूर्ण असेल, तर जोडाची जागा निवडता येते. "आतून अर्धं, बाहेरून उरलेलं अर्धं" असं शूट केलंत तर जोड कधीच बसणार नाही.

आणि हो, छत्री! आतल्या शॉटमध्ये ती डाव्या हातात असेल तर बाहेरच्या शॉटमध्येही डाव्याच हातात हवी. वेणी, ओढणी, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, सगळं जुळलं पाहिजे. यालाच कंटिन्यूइटी म्हणतात. प्रत्येक शॉटनंतर एकाने मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

५) नजरेचा माग घ्या

आजी मान वर करून बघते. प्रेक्षकाचा प्रश्न येतो, "काय बघतेय?" कट. भिंतीवरचं घड्याळ, दहाला दहा कमी. प्रश्न उठला आणि लगेच उत्तर मिळालं.

इथे आजीने वर बघितलं असेल तर घड्याळही खालून टिपलेलं हवं. ती उजवीकडे बघत असेल तर घड्याळ त्याच बाजूला आहे असं वाटलं पाहिजे. उत्तर द्यायला उशीर झाला तर प्रेक्षक कंटाळतो, प्रश्न उठायच्या आधीच दिलं तर गोंधळतो. कट करण्याची वेळ ठरते ती अशी.

६) शेजार बदलला की अर्थ बदलतो

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा तोच चेहरा त्याने कधी सूपच्या भांड्याशेजारी जोडला, कधी शवपेटीशेजारी, कधी एका स्त्रीशेजारी. चेहरा एकच. पण बघणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी ओढ. म्हणजे अर्थ एकट्या शॉटमध्ये नसतो, दोन शॉटच्या शेजारात असतो.

आपल्या गोष्टीत याचा फार मोठा उपयोग आहे. पाण्याखाली गेलेल्या भिडे पुलाजवळ सायलीला उभं करायची काहीही गरज नाही, आणि तसं कुणीही, कधीही करायचं नाही. नदीचा शॉट मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, लांबून, सुरक्षित जागेवरून घ्या. सायलीचा शॉट दुसऱ्या कोरड्या दिवशी, एखाद्या शांत गल्लीच्या टोकाला घ्या. ती थांबते, समोर बघते, चेहरा उतरतो. कट. फेसाळणारं पाणी. कट. सायली एक पाऊल मागे घेते. बघणाऱ्याला ती नदीसमोरच उभी आहे असं वाटेल. प्रकाश मात्र जुळला पाहिजे. नदी ढगाळ हवेतली असेल तर सायलीचा शॉटही ढगाळ दिवशीच घ्या.

याच युक्तीने वाड्याचं दार एका पेठेतलं आणि जिना दुसऱ्या पेठेतला असू शकतो. दिशा, प्रकाश आणि कपडे जुळले की पडद्यावर वाडा एकच होतो.

७) एकाच माणसाचे दोन शॉट जोडताना

सायली चालतेय. तुम्ही तिचा एक शॉट घेतला आणि जवळजवळ तिथूनच दुसरा घेतला. दोन्ही जोडले की ती जागच्या जागी टुणकन उडी मारल्यासारखी दिसते. हाच जंप कट. तो टाळायचा असेल तर कॅमेरा किमान ३० अंश बाजूला न्या आणि चौकटीचा आकारही बदला, म्हणजे लाँगवरून मिड किंवा मिडवरून क्लोज.

तसा शॉटच घेतलेला नसेल तर मध्ये दुसरंच काही दाखवा. पागोळ्यांचं पाणी, रस्त्यावरची रिक्षा, आजीची खिडकी. याला कटअवे म्हणतात. शूटिंगच्या दिवशी असे पाच-सहा शॉट जास्तीचे घेऊनच घरी या. संकलनाला बसल्यावर त्यांची किंमत कळते.

८) दोन ठिकाणं, एक वेळ

सायली लकडी पुलावरून धावतेय. कट. आजी उठून खिडकीशी येते. कट. सायली मेडिकलच्या रांगेत. कट. आजी कठड्याला धरून खाली बसते. याला समांतर संकलन म्हणतात. दोन घटना वेगळ्या जागी पण एकाच वेळी चालू आहेत हे प्रेक्षकाला आपोआप समजतं, आणि त्याचा जीव टांगणीला लागतो.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा:

* प्रत्येक वेळी परत गेल्यावर परिस्थिती थोडी तरी पुढे सरकलेली हवी. आजी चारही वेळा तशीच बसलेली दिसली तर ताण वाढत नाही.
* शेवटाकडे जाताना शॉट हळूहळू आखूड करा.
* दोन्ही धागे शेवटी एकत्र आणा. सायली दारात आणि आजी समोर, दोघी एकाच चौकटीत. इतका वेळ वेगळं ठेवलेलं एकत्र आलं की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. इथे घाईने कट करू नका, शॉट जरा राहू द्या.

९) वेळ गाळायची कशी?

नारायण पेठेतून डेक्कनपर्यंतची सगळी चाल दाखवायला गेलात तर ३ मिनिटं त्यातच जातील. निघताना, वळताना, पोचताना, एवढे तीन टप्पे पुरेत. सायली चौकटीच्या उजव्या कडेने बाहेर जाते, चौकट क्षणभर रिकामी राहते. पुढच्या शॉटमध्ये ती डाव्या कडेने आत येते, पण आता मेडिकलसमोर आहे. मधली दहा मिनिटं गेली आणि कुणाला खटकलंही नाही.

बराच वेळ गेला असेल तर एक दृश्य विरत दुसरं उमटवता येतं (डिझॉल्व्ह), किंवा पडदा काळा करून पुन्हा उजळवता येतो (फेड). मोबाइलच्या ॲपमध्ये पानं उलटणं, गोल फिरणं, तारे चमकणं असले शंभर प्रकार असतात. ते लग्नाच्या व्हिडिओला राहू द्या. आजी धाप लागून बसलेली असताना पडद्यावर तारे चमकले तर लोक हसतील.

१०) आवाजाचा धागा

चित्राचे तुकडे शिवणारा खरा दोरा म्हणजे आवाज. दोन युक्त्या शिकून ठेवा.

पहिली, आवाज पुढे न्या. आजी म्हणते, "सायले, जपून जा गं. पाण्याकडे जाऊ नकोस." हे वाक्य संपायच्या आतच चित्रात सायली जिना उतरताना दाखवा. आवाज खोलीतला, चित्र जिन्यावरचं. याला एल कट म्हणतात.

दुसरी, आवाज आधी आणा. सायली अजून गल्लीतच आहे, पण नदीचा घोंघाट ऐकू यायला लागलाय. ती थबकते. मग नदी दिसते. याला जे कट म्हणतात. कानाने आधी प्रश्न विचारला, डोळ्याने नंतर उत्तर दिलं.

प्रत्येक जागी कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा. वाड्यातल्या शांततेतही पंखा, कबुतरं, लांबचा हॉर्न असतो. संवादांच्या तुकड्यांखाली ती शांतता सलग पसरली की मधली भोकं बुजतात.

आणि पार्श्वसंगीत? प्रभातचा 'कुंकू' (१९३७) जरूर बघा. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही, प्रसंगातले नैसर्गिक आवाज वापरले. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची ती गोष्ट आहे, आणि ती आजही पोचते. तुमचा प्रसंग संगीताशिवाय समजत नसेल तर संगीत घालूनही समजणार नाही. आधी जोडणी सुधारा, मग गाणं शोधा.

काम कोणत्या क्रमाने करावं?

१. सगळे शॉट एकदा सलग बघा. उपयोगी शॉटना नावं द्या, जसं 'आजी-घड्याळ-२'.
२. कागदावर क्रम लिहा. प्रत्येक शॉटपुढे लिहा, हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? उत्तर सुचत नसेल तर तो शॉट बाजूला ठेवा. कितीही सुंदर असला तरी!
३. त्या क्रमाने ढोबळ जोडणी करा. हा रफ कट. लांब होईल, होऊ द्या.
४. आवाज बंद करून बघा. गोष्ट कळतेय का?
५. मग डोळे मिटून नुसती ऐका. आवाज कुठे तुटतोय?
६. आता प्रत्येक शॉटच्या सुरुवातीचं आणि शेवटचं रिकामं काढून टाका.
७. गोष्ट माहीत नसलेल्या एका माणसाला दाखवा. तुम्ही काहीही बोलू नका. फिल्म संपल्यावर त्यालाच गोष्ट सांगायला लावा. तो जिथे अडखळेल तिथली जोडणी पुन्हा तपासा.

सातवी पायरी बहुतेक जण गाळतात. पण तुम्हाला गोष्ट आधीपासून माहीत असते, त्यामुळे तुमच्या डोळ्यांना खड्डा दिसतच नाही.

मग नियम मोडायचेच नाहीत का?

मोडायचे, पण कारण असेल तेव्हा. फ्रान्समध्ये गोदारने 'ब्रेथलेस' (१९६०) मध्ये जंप कट मुद्दाम वापरले आणि त्या अस्वस्थपणाचीच शैली झाली. आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आठवा. शेवटी चिडलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. त्या दगडाचं पुढे काय झालं हे दाखवलेलं नाही. इथे प्रश्न उभा केला आणि उत्तर मुद्दाम दिलं नाही, कारण उत्तर आता बघणाऱ्याने द्यायचं आहे. पण एवढा वेळ गोष्ट स्वच्छ आणि सलग सांगितली होती, म्हणूनच तो एक कट इतका लागतो.

एक महत्त्वाची गोष्ट

सहाव्या मुद्द्याकडे पुन्हा या. गल्लीत उभी असलेली मुलगी आणि दुसऱ्या दिवशीची नदी जोडून आपण "ती नदीसमोर आहे" असं दाखवलं. गोष्टीत हे चालतं, कारण ही गोष्ट आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं. पण नेमकं हेच तंत्र वापरून कुणी जुन्या पुराचा व्हिडिओ आजच्या बातमीला जोडतो, किंवा एखाद्याच्या भाषणातलं मधलं वाक्य कापून अर्थच फिरवतो. मग तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतो आणि घाबरलेली आजी सगळ्यांना फोन करत बसते.

म्हणून संकलन शिकल्यावर असा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी विचारा: कट कुठे आहे? कटच्या आधी काय असेल? आवाज आणि चित्र एकाच वेळचं आहे का? दोन शॉटमधला प्रकाश जुळतोय का? जो जोडायला शिकला, त्याला जोड ओळखताही आला पाहिजे.

थोडक्यात

* आधी जागा, मग माणूस, मग बारकावा.
* रेषा आणि दिशा सांभाळा, बदललीच तर बदल दाखवा.
* हालचालीवर आणि नजरेवर कट करा.
* आवाजाने तुकडे शिवा.
* प्रत्येक कट हे एका प्रश्नाचं उत्तर असू द्या.

सरावासाठी उपक्रम

१. कोणत्याही मराठी चित्रपटातला २ मिनिटांचा प्रसंग निवडा. आवाज बंद करून किती कट आहेत ते मोजा. त्यातले पाच कट निवडून प्रत्येकाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं ते लिहा.
२. "दार उघडून माणूस आत येतो आणि पाणी पितो" एवढीच क्रिया सहा शॉटमध्ये टिपा आणि जोड जाणवणार नाही अशी जोडा.
३. एकाच मित्राचा शांत चेहरा तीन वेगळ्या वस्तूंशेजारी जोडा आणि तीन जणांना दाखवा. त्यांना काय वाटलं ते नोंदवा.
४. सायलीची गोष्ट १५ शॉटमध्ये कागदावर मांडा. शेवटचा शॉट कोणता ठेवाल आणि का?

चौथ्या उपक्रमाची उत्तरं वर्गात एकमेकांना वाचून दाखवा. पंधराच शॉट, गोष्ट तीच, पण प्रत्येकाची आजी वेगळ्या क्षणी हसलेली दिसेल. तो क्षण निवडणं हेच संकलकाचं काम. चला तर मग, लागा कामाला!